‘माझ्यात जिद्दच नाही का?’ : शुगर बॉर्डरवर आलेल्या एका शिक्षिकेला उत्तर

साताऱ्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : वय ४४, मेढ्याच्या बाजूला झेडपीच्या शाळेत शिक्षिका. यंदाच्या तपासणीत एचबीए१सी ६.१ आलं. दुसऱ्या बाळंतपणात शुगर वाढली होती, आई इन्सुलिन घेते. गेली दोन वर्षं तज्ज्ञांची भाषणं ऐकतायत, पुस्तकं वाचतायत. कुणी म्हणतं पहाटे पाचला उठा, कुणी म्हणतं भात सोडा, कुणी दहा हजार पावलं सांगतं, कुणी उद्दिष्टं लिहून काढायला आणि सकारात्मक राहायला सांगतं. दर वेळी जोरात सुरू होतं आणि पंधरा दिवसांत बंद पडतं. संध्याकाळी तर अंगात त्राणच उरत नाही. घरचे म्हणतात, तुझ्यात जिद्द नाही. मग यांतल्या नेमक्या कुणाचं ऐकायचं?

ताई, आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. जिद्दीचं नंतर बोलू.

संध्याकाळी त्राण उरत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझं लक्ष आधी तिथेच गेलं. साताऱ्यात फिजिशियन म्हणून काम करताना मी हे फार जवळून बघत आलेय. चाळिशी ओलांडलेली बाई ‘मला आळस येतो’ म्हणत येते, आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरं फटक असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. तुमच्या वयात पाळी पुढेमागे होते, कधी अंगावरून जास्त जातं, आणि आधीच कमी असलेलं लोह आणखी घटतं. थायरॉइडचंही तसंच. या दोन्ही तपासण्या न करता स्वतःला आळशी ठरवू नका, आणि घरच्यांनाही ठरवू देऊ नका.

हिमोग्लोबिन आधी बघायचं आणखी एक कारण आहे. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या आकड्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण अंगात लोह कमी असेल तर हाच आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर दिसू शकतो. म्हणून एकट्या ६.१ वर विसंबू नका. उपाशीपोटीची शुगर करा, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनीची करा. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर तो पूर्वमधुमेह. लोक त्याला बॉर्डर म्हणतात. १२६, २०० आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. गरोदरपणात जिची शुगर वाढली होती तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. तेव्हा यंदाचा आकडा काहीही निघाला तरी ही तपासणी दरवर्षी करायची आहे. बाळंतपणानंतर हे तुम्हाला कुणी नीट बसवून सांगितलं होतं का, मला माहीत नाही. बहुतेक बायकांना सांगितलेलं नसतं.

आता जिद्दीचं.

बॉर्डरवरची शुगर मागे फिरवता येते, याचा सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेत मिळाला. २००२ साली त्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. तीन हजारांहून जास्त माणसं होती, सगळी पूर्वमधुमेहाची. एका गटाला वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं उद्दिष्ट दिलं. दुसऱ्याला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिली. तिसऱ्याला नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी. सरासरी तीनेक वर्षांत राहणीमान बदललेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. हा ५८ चा आकडा तुम्ही कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकला असेल. पुढचा भाग भाषणात सांगत नाहीत. त्या गटातल्या प्रत्येक माणसामागे एक प्रशिक्षित मार्गदर्शक नेमलेला होता. पहिल्या सहा महिन्यांत समोरासमोर बसून सोळा धडे झाले. कुणाचं अडलं की ते सोडवायला हा माणूस असायचा, आणि नंतरही भेटी सुरूच होत्या. ती माणसं तुमच्यापेक्षा जिद्दी होती असं अभ्यासात कुठेच आढळलेलं नाही. त्यांच्या पाठीशी कुणीतरी होतं, एवढं मात्र नक्की.

भारतात चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये असाच अभ्यास मांडला. तिथे समुपदेशन आणि अधूनमधून फोन एवढ्यावर मधुमेहाचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटलं. आपल्या माणसांत, आपल्या जेवणात, आपल्या घरांत हे घडलं म्हणून हा आकडा मला ५८ पेक्षाही मोलाचा वाटतो.

याहून जुनी एक गोष्ट सांगते, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. १९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरने दुमजली बसवरच्या कामगारांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. दोघे एकाच सेवेत, जवळपास सारख्याच घरांतून आलेले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता आणि झाला तरी सौम्य होता. त्यांनी पहाटे उठून व्यायामाचा संकल्प सोडलेला नव्हता. कामच असं होतं की जिना चढल्याशिवाय तिकीट फाडता येत नव्हतं. नंतर मॉरिस यांनी हेही तपासलं की ड्रायव्हर मुळातच जाडजूड होते का, आणि त्यात थोडं तथ्य निघालं. पण शारीरिक श्रमाने हृदय राखलं जातं, हे पुढच्या सत्तर वर्षांत पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय.

तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा मुलांवरचा तो प्रसिद्ध प्रयोग तुम्हाला प्रशिक्षणात भेटलाच असेल. समोर एक गोड खाऊ ठेवायचा; थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचं ते काम. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात जास्त यशस्वी होतात, हे त्यावरून ठोकून सांगितलं गेलं. २०१८ मध्ये शेकडो मुलांवर ते पुन्हा पडताळलं तेव्हा मूळ परिणाम निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तर फार थोडा उरला. मला त्या प्रयोगातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. जी मुलं थांबली त्यांनी काय केलं? कुणी डोळे झाकले, कुणी पाठ फिरवली, कुणी गाणं म्हटलं. खाऊकडे टक लावून मनाशी झुंजत बसणारी मुलं लवकर हरली. तुम्ही नेमकी तीच झुंज रोज संध्याकाळी साडेसहाला, दमलेल्या अंगाने, खारी-बटरच्या डब्यासमोर उभं राहून देताय.

आणि ‘वाढती मनोवृत्ती’, जिच्यावर आजकाल प्रत्येक व्याख्यान असतं? कॅरल ड्वेक यांचा तो विचार खोटा नाही. बुद्धी आणि क्षमता वाढू शकतात असं मानणारा माणूस अपयशानंतर पुन्हा हात घालतो, हे मी रुग्णांमध्ये बघितलंय. पण अमेरिकेतल्या सुमारे बारा हजार नववीच्या मुलांवर २०१९ मध्ये झालेल्या पडताळणीत फायदा छोटा निघाला. तो मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना झाला, आणि आजूबाजूच्या मुलांचं वागणं त्या विचाराला धरून होतं अशा शाळांत जास्त टिकला. म्हणजे मन बदलण्याची गोष्टसुद्धा एकट्याने होत नाही.

आपल्याकडे जिद्दीचं उदाहरण म्हणून खाशाबा जाधवांचं नाव घेतात. गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जिद्द त्यांच्यात होतीच. पण तिथवर जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं. तालीम होती, वस्ताद होते, खुराकाची सोय बघणारे होते. हे सगळं वगळून फक्त जिद्दीची गोष्ट सांगणं खाशाबांवरही अन्याय आहे आणि ऐकणाऱ्यावरही.

तेव्हा ताई, ‘माझ्यात जिद्द नाही का’ हा प्रश्न सोडून द्या. तुमचा दिवस कसा मांडलेला आहे, ते बघू.

पत्रावरून मला दिसतो तो असा. सकाळी उठून पाणी, डबे, सगळ्यांचं आवरणं. मग वडापने किंवा गाडीवरून शाळा. दुपारी मुलांचा पोषण आहार बघता बघता घाईघाईत खाल्लेला डबा. चारला स्टाफरूममध्ये चहा. घरी आल्यावर पुन्हा चहा आणि त्याबरोबर जे हाताशी येईल ते. मग स्वयंपाक, साडेनऊला जेवण, ओटा आवरून झोपायला साडेअकरा. या दिवसात पहाटे पाचला उठायचं म्हणजे झोप साडेपाच तासांवर आणायची. १९९९ मध्ये शिकागोत अकरा तरुण, निरोगी पुरुषांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता बिघडली. पाचला उठा सांगणारा माणूस नऊला झोपत असेल आणि त्याचा डबा दुसरं कुणी भरत असेल. तुम्हाला आधी सात तास झोप हवी. पहाटेचा विषय माझ्यापुरता इथेच संपला.

खाण्याकडे मी जास्त वेळ देते, कारण फरक सगळ्यात लवकर तिथे दिसतो.

चहापासून सुरू करू. दिवसात चार कप, कपात दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शक्यतो पंचवीसच्या आत ठेवा, आणि त्यात बिस्किटंही आली. चहा सोडू नका, स्टाफरूमच्या गप्पाही सोडू नका. घरच्या चहाची साखर आठवड्याला अर्धा चमचा अशी उतरवा. जीभ हळूहळू सरावते. शाळेचा चहा सगळ्यांचा एकत्र उकळत असेल तर साखर वेगळी ठेवायला सांगा. स्टाफरूममध्ये बॉर्डरवर असलेल्या तुम्ही एकट्या नसणार, खात्री बाळगा.

भात सोडा म्हणणाऱ्यांनी जावळी-पाटणकडचं घर बघितलेलं नाही. तिथे इंद्रायणीचा भात सुटत नाही आणि सोडायची गरजही नाही. अडचण ताटातल्या वाटणीची आहे. दोन भाकऱ्या, वर भात, आमटी पातळ, कालवण चमचाभर, अशा ताटात तीन चतुर्थांश पिठूळ पदार्थच असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त धान्यांतून येऊ नयेत असं सांगितलंय. घरच्या भाषेत सांगायचं तर अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबिरी, पाव ताट घट्ट डाळ, उसळ, अंडं किंवा मासे-मटण, उरलेलं पाव ताट भाकरी किंवा भात. ज्या दिवशी भात वाढून घ्याल त्या दिवशी एक भाकरी कमी. जेवताना आधी काकडी-मुळा-कोशिंबीर आणि उसळ संपवा, भाकरी-भात शेवटी. तेच जेवण याच क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. छोट्या अभ्यासांत हे दिसलंय, आणि ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे अशा रुग्णांना मी ते स्वतः मोजून बघायला सांगते. एकदा आकडा डोळ्यांनी बघितला की माझ्या सांगण्याची गरज उरत नाही.

प्रथिनांबाबत आपल्या बायका फार मागे आहेत. साठ किलो वजनाच्या बाईला दिवसाला पन्नास ग्रॅम तरी हवीत. घट्ट उसळीची एक वाटी सात-आठ ग्रॅम देते, अंडं सहा, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर शेंगदाणे सहा, ज्वारीची एक भाकरी पाच. हिशेब करा, बहुतेक दिवस तिशीच्या आसपास थांबाल. त्यासाठी पावडरचे डबे आणू नका. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा आपल्याच जिल्ह्यातला. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. माण-खटावात हुलगा पिकतो, त्याचं माडगं करा. मटकी आहे, चवळी आहे. रविवारी दोन प्रकारचं कडधान्य भिजवून मोड आणून फ्रिजमध्ये ठेवलं तर गुरुवारपर्यंत सकाळची घाई निम्मी होते. ही तयारी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करा. का ते पुढे सांगते.

उपवासाचं एक बोलायलाच हवं. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. श्रद्धेच्या आड मी येत नाही. उपवास करा, पण फराळाला भगर थोडी आणि दाण्याची आमटी जास्त, सोबत दही किंवा ताक, राजगिरा आणि काकडी असं ताट ठेवा. कंदी पेढा सणाला, जेवण झाल्यावर, एक. रिकाम्या पोटी दुपारी चार वाजता नको.

तुम्ही वजन लिहिलेलं नाही. बारीक असाल तरी बेफिकीर राहू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण दिसायला सडपातळ असलो तरी पोटाशी चरबी बाळगतो आणि स्नायू कमी. म्हणून वजनकाट्याच्या आधी टेप काढा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर कमी करायची आहे, वजन काहीही असो.

याच कारणासाठी मी नुसतं चालण्यावर थांबत नाही. जेवणातून आलेली साखर मुख्यतः स्नायूंतच साठवली जाते, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिन कमी पडत असतानाही साखर ओढून घेतो. पाळी जायच्या सुमारास स्नायू आणि हाडं दोन्ही झपाट्याने घटतात. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायचं-बसायचं, थोडं थांबून पुन्हा दहा. भिंतीला हात टेकून जोर काढायचे. टाचा उचलून उभं राहायचं. पंधरा मिनिटं पुरतात. आजी जात्यावर दळायची, डोक्यावरून पाणी आणायची, तिला शुगर नव्हती, असं लोक सांगतात. त्या कष्टांनी किती बायकांच्या कंबरा आणि गर्भाशयं कायमची कामातून गेली, तेही सांगावं. मला ते दिवस परत नको आहेत. स्नायूंना काम हवंय, आणि ते पंधरा मिनिटांत मानाने देता येतं.

दहा हजार पावलांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकताना पुढे आला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७५०० च्या पुढे फारसा जादा फायदा दिसला नाही. तुमचं वय कमी आहे, तुम्ही थोडं जास्त चाला, पण दहा हजार झाले नाहीत म्हणून दिवस वाया गेला असं मनात आणू नका. रात्री जेवण झाल्यावर लगेच पंधरा मिनिटं चाललात तर शुगरच्या दृष्टीने ती सगळ्यात कामाची पंधरा मिनिटं.

आणि साताऱ्यात राहून पावसाचा विचार न करता चालायचं ठरवणं, हे तुमच्या अडण्याचं मोठं कारण असणार. उन्हाळ्यात लोक उत्साहाने अजिंक्यतारा, चार भिंती, कुरणेश्वर धरतात. यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून हाफ मॅरेथॉन होते, तिच्या आसपास शहरभर धावणारी माणसं दिसतात, आणि ते बघून मला मनापासून आनंद होतो. पण जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. मेढ्याकडे तर आणखी. चालणं तुटतं आणि माणूस म्हणतो, माझं काही खरं नाही. पावसाळ्यातली सोय आजच ठरवून ठेवा : जिन्याचे चार फेरे, ओसरीत चालणं, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत मुलांबरोबर फेऱ्या.

ठरवताना ‘आजपासून व्यायाम करणार’ असं म्हणू नका. ‘रात्रीची भांडी सिंकमध्ये ठेवली की चप्पल घालून मोती चौकापर्यंत जाऊन येणार’ असं म्हणा. कधी, कशानंतर, कुठे, हे बांधलेलं असेल तर माणूस ते पार पाडण्याची शक्यता बरीच वाढते; पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने हे अनेक प्रयोगांतून दाखवलंय. तुम्ही पंधरा दिवसांत थांबता, त्यामागे एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूतही असेल. ती मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या एका निरीक्षणावरून पसरली, आणि ते निरीक्षण व्यायामाबद्दल नव्हतंच. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये प्रत्यक्ष मोजलं तेव्हा एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. आणि मधला एखादा दिवस चुकला तर घडी मोडत नाही, हेही त्यातून दिसलं. पाहुणे आले, यात्रा झाली, मुलाची परीक्षा आली, आठवडा गेला, तरी सोमवारी तिथूनच पुढे चालू करायचं. पुन्हा नव्याने संकल्प सोडायची गरज नाही.

आता घरच्यांचं. हा भाग मी तुमच्याबरोबर तुमच्या यजमानांनाही उद्देशून लिहितेय. त्यांना वाचून दाखवा.

दादा, यांच्यात जिद्द नाही असं म्हणताना एकदा ओट्याकडे बघा. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात प्रत्येकामागे एक मार्गदर्शक होता. इथे ती जागा घरच्यांनी घ्यायची आहे. रात्रीची भांडी आणि ओटा तुमच्याकडे आला तर त्यांना चालायला पंधरा मिनिटं आणि झोपायला पाऊण तास मिळतो. रविवारी कडधान्य निवडून भिजत घालणं मोठ्या मुलाला सहज जमेल. संध्याकाळचा चहा ज्याला हवा त्याने करावा. आणि ताट सगळ्यांचं सारखंच वाढा. तिच्यासाठी वेगळं पथ्याचं नको. आजीला मधुमेह, आई बॉर्डरवर, म्हणजे मुलांनाही धोका आहेच. घेवड्याची उसळ आणि कोशिंबीर त्यांच्याही ताटात हवी. सासूबाईंना ‘अगं, एवढ्याने काय होतंय, घे’ असा आग्रह करायची सवय असेल, तर त्यांना रागाने थांबवू नका. बरोबर घेऊन डॉक्टरकडे या. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या सुनेच्या सांगण्यापेक्षा लवकर मानतात, हा माझा कायमचा अनुभव आहे.

सकारात्मक राहा या सल्ल्याबद्दल एवढंच सांगते. आईला रोज सुई टोचून घेताना बघून तुम्हाला भीती वाटते, ती खरी आहे, आणि ती दाबून हसरं राहायची काही गरज नाही. भीती असतानाही रात्री चालता येतं. मन तयार होईल मग सुरू करू, असं थांबू नका. चालायला लागल्यावर काही आठवड्यांत मन हलकं होतं, असं बहुतेक जणी सांगतात. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका.

नेमकं कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंत. कुणाचाही सल्ला ऐकताना एवढं बघा : हा सल्ला कुणावर आजमावलाय, त्या माणसाचा दिवस माझ्यासारखा होता का, आणि त्याच्या मदतीला कोण होतं. एकच अन्न किंवा एकच तास आयुष्य बदलेल म्हणणाऱ्याला बाजूला ठेवा. सोबत काही विकणाऱ्याला तर आधी.

पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी धरा : चहातली साखर आणि रात्रीचं चालणं. रक्त कमी निघालं तर लोहाची गोळी, जेवणापासून आणि चहापासून लांब, लिंबूपाण्याबरोबर. दुसऱ्या महिन्यात ताटाची वाटणी आणि खुर्चीचा व्यायाम. वजन जास्त असेल तर सहा महिन्यांत पाच ते सात टक्के उतरलं तरी खूप झालं. चौसष्ट किलोच्या बाईचे ते साधारण साडेतीन-चार किलो होतात.

तीन महिन्यांनी शुगर पुन्हा करू. लोह कमी होतं म्हणून गोळ्या सुरू केल्या असतील तर एचबीए१सी त्यामुळेही हलेल, म्हणून उपाशीपोटीची आणि दोन तासांनीची बरोबर हवीच. एवढं करूनही आकडा चढतच राहिला तर मेटफॉर्मिनचा विचार करू, आणि ते तुमचं अपयश समजू नका. त्याच अमेरिकन अभ्यासात गरोदरपणी शुगर वाढलेल्या स्त्रियांचा हिशेब वेगळा काढला, तेव्हा राहणीमान बदलून आणि मेटफॉर्मिन घेऊन, दोन्हीकडे धोका जवळपास निम्म्यावर आला होता. गोळी बराच काळ चालली तर रक्तातलं ब१२ जीवनसत्त्व बघत राहायचं, शाकाहारी असाल तर जास्तच. मधल्या काळात खूप तहान लागली, रात्री वारंवार लघवीला उठावं लागलं किंवा काही न करता वजन उतरायला लागलं, तर तीन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात या.

येताना दुसऱ्या बाळंतपणाची फाइल आणा, सापडली तर. आणि एक सुट्टीचा, एक शाळेचा, अशा दोन दिवसांत जे जे खाल्लं ते वेळेसकट कागदावर लिहून आणा. मुलांच्या ताटात उरलं म्हणून खाल्लेलंही त्यात येऊ द्या.